जिवंत पार्सल

जून 2025 च्या आरंभी थायलंडहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना इंडोनेशियातील 44 पिट व्हायपर, 3 शिंगाळे व्हायपर आणि 5 कासवे सापडली. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये याच विमानतळावर बँकॉकहून आलेल्या सामानातले बिस्किटांचे आणि केकचे पुडे उघडले, तर आत 9 बॉल पायथन आणि 2 कॉर्न स्नेक होते. बिस्किटांच्या पुड्याला हवेसाठी भोके पाडता येत नाहीत. पाडली, तर तो बिस्किटांचा पुडा वाटत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वाहतुकीचे सगळे मर्म यात आहे. चोरून नेलेल्या प्राण्याची पेटी, आत काही जिवंत नाही असे भासावे म्हणूनच बांधलेली असते. कागदपत्रे म्हणजे सरकारी कटकट आणि प्राण्याची काळजी हा वेगळा विषय, असे मानणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. मला ही विभागणीच चुकीची वाटते.

साप, सरडे, कासवे स्वतःच्या अंगात पुरेशी ऊब निर्माण करू शकत नाहीत. भोवतालचे तापमान तेच त्यांचे तापमान. ऊन लागले की ते सावलीत सरकतात, गारठले की उन्हात येतात. पेटीत कोंडल्यावर नेमके हे सरकणेच बंद होते. म्हणून सगळी काळजी आधीच घ्यावी लागते. जाणकार माणूस सापाला निघण्याआधी काही दिवस खायला घालत नाही, कारण पोटात भक्ष्य असताना हादरे बसले की साप ते ओकून टाकतो. सुती पिशवी आधी उलटी करून घेतात, म्हणजे शिवणीचे सुटे धागे बाहेर राहतात आणि खवल्यांत अडकत नाहीत. पिशवीचे तोंड पिळून, दुमडून बांधतात. पिशवी ज्या कडक पेटीत ठेवायची, तिची भोके आतून बाहेरच्या दिशेने पाडतात, म्हणजे लाकडाची कुसळे आत येत नाहीत. मोकळ्या जागेत चुरगळलेला कागद भरतात. पाण्याची वाटी ठेवत नाहीत, ती सांडते आणि ओली पिशवी श्वास कोंडते. शेवटी पेटीवर ‘जिवंत प्राणी’ असे ठळक लिहून वरची बाजू बाणाने दाखवतात. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हे लिहिणे आवश्यक आहे. आता हीच पेटी काहीही न लिहिता, मे महिन्यात, पुण्याहून कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकली असे समजा. वाटेत गाडी बंद पडली, उन्हात तासभर उभी राहिली, तर ती पेटी सावलीत काढून ठेवावी हे चालकाला कसे सुचणार?

कायदाही चालकाकडे बोट दाखवतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 48-अ नुसार, परवानगी आहे की नाही याची खातरजमा केल्याशिवाय वन्यप्राणी वाहतुकीसाठी स्वीकारता येत नाही. 2022 च्या दुरुस्तीने साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले विदेशी प्राणीही कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, आणि 2024 च्या नियमांनी त्यांचा ताबा, हस्तांतर, जन्म, मृत्यू यांची नोंद परिवेश संकेतस्थळावर बंधनकारक केली. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना यात येतात. मात्र 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्री-मांजरे, माकडे, गुरे, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत, पुढे कोंबड्या आणि डुकरांचीही भर पडली. सापा-कासवांसाठी वेगळे प्रकरण नाही. ही उणीव सरकारने भरून काढायलाच हवी.

यावर पहिला आक्षेप असा, की साप चिवट असतो, आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो, मग एका रात्रीच्या प्रवासाने काय होणार? उपास त्याला सोसतो, ऊन सोसत नाही. नेसरीशेजारच्या चंदगड तालुक्यात, ढोलगरवाडीच्या शाळेत बाबूराव टक्केकरांनी मुलांना सापांची ओळख करून देण्याची परंपरा रुजवली. तिथल्या पोरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: नियम किचकट झाले की प्रामाणिक माणूसही चोरवाटेला लागतो. हे खरे आहे, म्हणून अर्ज मराठीत हवा आणि तालुक्याच्या वन कार्यालयात मदतही मिळायला हवी. पण नोंदच नको, हे त्यावरचे उत्तर होत नाही. पिंजऱ्यात जन्मलेले पिल्लू आणि रानातून उचललेले पिल्लू पेटीत सारखेच दिसते. फरक फक्त जन्माच्या नोंदीत असतो. चोरट्या व्यापारात स्टार कासवांचे इतके हाल झाले, की 2019 मध्ये साइटीसला त्यांना सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात टाकावे लागले. विदेशी प्राण्याने आपल्या रानाचे काय बिघडते, असेही विचारतात. फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव व्यापारातून सुटलेल्या बर्मी अजगरांनी तिथले सस्तन प्राणी संपवत आणले आहेत, आणि नेसरीपासून आंबोली-तिलारीची ओली राने काही फार लांब नाहीत.

तेव्हा विदेशी प्राणी घ्यायचाच असेल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून परिवेशवरची नोंद आणि हस्तांतराचा कागद मागावा, आणि प्राणी पार्सलने न मागवता स्वतः जाऊन, संध्याकाळच्या गारव्यात, माणसे बसतात त्या भागात ठेवून आणावा. मांडूळ, घोरपड, स्टार कासव यांच्या बाबतीत पेटी कशी बांधावी हा प्रश्नच येत नाही. ते बाळगणेच गुन्हा आहे. असे काही कोणी विकताना दिसले किंवा घरात साप निघाला, तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे.