‘जा’ म्हटलं ना? मग जाऊ द्या!

नवऱ्याची मंजूर झालेली रजा ऐनवेळी रद्द झाली की आपला किती संताप होतो! तिकिटं काढलेली, बॅगा भरलेल्या आणि साहेबांचा फोन येतो, ‘दोन दिवस उशिरा गेलात तर चालेल का?’ मग आपण त्या साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण मैत्रिणींनो, हाच साहेब कधी कधी आपल्याही स्वयंपाकघरात शिरतो, हे लक्षात येतं का आपल्या?

वस्तीतल्या बचत गटांचं काम करताना मी हे नेहमी ऐकते. आमच्या गटातली एकजण चार घरी धुणं-भांडी करते. तिच्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली. भाऊ नाही, आईजवळ राहायला हीच. तिने पंधरा दिवस आधी चारही घरी सांगितलं, चारही घरून ‘जा की’ मिळालं. निघायच्या आदल्या संध्याकाळी एका घरच्या वहिनी म्हणाल्या, ‘अगं, माझ्याकडे पाहुणे येतायत. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात नाही का होणार?’

‘तारीख काय माझ्या हातात असते का हो, ताई?’ तिने मला विचारलं. ती गेली. परत आली तर त्या घरी दुसरी बाई लागलेली. हातात ठेवलेल्या हिशेबातून सुट्टीचे पाच दिवसही कापलेले.

दुकानात, ऑफिसात काम करणाऱ्यांना निदान कायद्याचा आधार असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत. वर्षात २४० दिवस काम भरलं, तर दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजाही आहे. घरकामगारांसाठी राज्याने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात बाळंतपण, आजारपण, मुलांचं शिक्षण यासाठी मदतीची तरतूद आहे. पण हक्काच्या भरपगारी सुट्टीचं काय? पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला, तेव्हाही पगारवाढीबरोबर सुट्टीची मागणी होतीच. आज इतक्या वर्षांनीही तिची सुट्टी आपल्या मर्जीवरच!

आणि म्हणूनच आपली जबाबदारी जास्त. फार काही करायला नको. महिन्याच्या सुट्ट्या कामाला ठेवतानाच ठरवा. तिने सांगितलेल्या तारखा तिच्यासमोर कॅलेंडरवर लिहा. शेजारणीशी बोलून बदलीची बाई आधीच बघून ठेवा. पाहुणे आलेच, तर दोन दिवस घरातल्या सगळ्यांनी आपापलं ताट घासावं, पुरुषांनीसुद्धा! आणि मुख्य म्हणजे, दिलेल्या सुट्टीचे पैसे कापू नका.

आपल्या ‘जा’ या एका शब्दावर ती गाडीचं तिकीट काढते, गावाला निरोप धाडते. तो शब्द आपल्या सोयीने फिरवायचा नसतो.