नोंद नसलेला भागीदार

२०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात लातूरहून माझ्या चुलतभावाचा दूरध्वनी आला. तुरीचा हंगाम ऐन भरात होता, बाजार समितीत आवक वाढली होती, आणि नेमके तेव्हाच त्याच्या डाळमिलमधील रंगावरून डाळ निवडणारे यंत्र बंद पडले होते. बनावट कोणाचीही असो, बाजारात अशा यंत्राला सरसकट ‘सॉर्टेक्स’ म्हणतात, आणि त्यातून निघालेल्या डाळीला चढा भाव मिळतो, हे धान्याच्या व्यापारातील वाचकांना सांगावयास नको. दुरुस्तीस आलेल्या तंत्रज्ञाने दोष तासाभरात शोधला. यंत्राच्या पोटातील एक कार्ड जळले होते. ते बदलले की काम संपले. परंतु नवे कार्ड मिळेना, कारण त्यावर बसणारी एक चिप बाजारात कोठेच उपलब्ध नव्हती. ती केव्हा येईल, हे सांगण्यास कोणी तयार नव्हते.

सात आठवडे ते यंत्र ताडपत्रीखाली झाकून उभे राहिले. बायका लावून डाळ हाताने निवडून घ्यावी लागली. मजुरी वाढली, भाव घटला, आणि दोन जुनी गिऱ्हाइके दुसऱ्या मिलकडे वळली.

“दादा,” भाऊ मला म्हणाला, “यंत्राचे कर्ज मंजूर करताना बँकेने माझे तीन वर्षांचे ताळेबंद घेतले, जागेचे उतारे घेतले, विमा उतरवून घेतला. ही चिप कोठून येते, एवढे मात्र कोणी विचारले नाही.”

त्याला कर्ज माझ्या बँकेने दिलेले नव्हते. तरीही मी निरुत्तर झालो. नोकरीच्या काळात अशी शेकडो प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली होती, आणि हा प्रश्न मीही कोणाला विचारला नव्हता. हा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नातून लिहिला आहे.

हिशेबासाठी जन्मलेली वस्तू

व्यापारी कुटुंबांना कौतुक वाटावे अशी गोष्ट म्हणजे, बाजारात आलेला पहिला मायक्रोप्रोसेसर हिशेबाच्या यंत्रासाठीच बनला होता. बिझिकॉम या जपानी कंपनीला आपल्या कॅल्क्युलेटरसाठी चिप हव्या होत्या. ते काम तिने अमेरिकेतील इंटेल या तेव्हाच्या नवख्या कंपनीस दिले. त्यातून १९७१ साली ‘४००४’ ही चिप बाजारात आली. तिच्यावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या अतिसूक्ष्म कळा, होत्या. आराखड्याचा हक्क प्रारंभी बिझिकॉमकडे होता. पुढे तिला स्वस्त दर हवा होता, तेव्हा इंटेलने ६० हजार डॉलर परत करून तो हक्क आपल्याकडे घेतला. काही पैशांच्या सवलतीसाठी केवढी मिळकत हातातून गेली, हे बिझिकॉमला त्या दिवशी कळणे शक्य नव्हते.

आज त्या २,३०० कळांच्या जागी किती कळा मावतात? ॲपलच्या २०२० मधील ‘एम१’ या चिपवर १,६०० कोटी, तर एनव्हिडियाच्या २०२२ मधील ‘एच१००’ या चिपवर ८,००० कोटी.

आकड्यांनी डोळे दिपतात. त्यांचा अर्थ मला मात्र बँकेतच उमगला. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर आमच्या शाखांत खातेवही लिहिणारी यंत्रे येऊ लागली. त्याआधी सहामाही व्याजाच्या दिवसांत आम्ही रात्री उशिरापर्यंत खतावण्या उलगडून बसत असू. बचत खात्यावर व्याज धरताना महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक विचारात घेतली जाई. एखाद्याने महिनाभर ५० हजार ठेवले आणि २८ तारखेस ४५ हजार काढले, तर त्याला त्या महिन्याचे व्याज पाच हजारांवरच मिळे. नियम ठेवीदाराच्या बाजूचा नव्हता. परंतु प्रत्येक खात्याची रोजची शिल्लक धरून हाताने व्याज काढणे अशक्य होते. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झाले. ते शक्य झाले, कारण तोवर बँकांचे हिशेब संगणकावर गेले होते. यंत्राचा वेग सामान्य माणसाच्या हक्काच्या पैशात कसा उतरतो, याचे याहून सोपे उदाहरण माझ्याजवळ नाही.

एक मुनीम आणि हजार कारकून

अलीकडच्या वर्षांत प्रोसेसरच्या रचनेत जे बदल झाले, त्यांतील दोन पेढीच्या भाषेत सहज समजतात.

पहिला बदल कामाच्या वाटणीचा. नेहमीचा प्रोसेसर हा हुशार मुनिमासारखा असतो. कोणतेही काम द्या, तो ते समजून घेऊन झटपट करतो. पण एका वेळी मोजकीच कामे करतो. एनव्हिडियासारख्या कंपन्यांची चिप म्हणजे हजारो साध्या कारकुनांचे दालन होय. प्रत्येकाला केवळ गुणाकार-बेरीज येते, पण सगळे एकाच वेळी करतात. अशा चिप आरंभी संगणकावरील खेळांची चित्रे रंगविण्यासाठी होत्या. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कामही मुख्यतः अगणित गुणाकार-बेरजांचेच आहे, हे ध्यानात येताच त्यांचे भाग्य पालटले.

दुसरा बदल चिप जोडून करण्याचा. कापडाच्या व्यापाऱ्याला हे लगेच पटेल. अखंड साडीत एका जागी विणीचा दोष निघाला तर संपूर्ण साडी दुय्यम ठरते. त्याच कापडाचे रुमाल बेतले तर एक रुमाल बाद होतो, उरलेले खपतात. सिलिकॉनच्या चकतीवरही कोठे ना कोठे दोष असतातच. म्हणून एक मोठी चिप करण्याऐवजी लहान चिप करून, पारखून, मग एकत्र बसविण्याची पद्धत रूढ झाली. एएमडी या कंपनीने २०१९ साली मोठ्या संगणकांसाठी केलेल्या प्रोसेसरमध्ये अशा आठपर्यंत लहान चिप आणि मध्यभागी देवाणघेवाण सांभाळणारी एक, अशी मांडणी होती. आकडेमोडीच्या चिप नव्या, महाग तंत्राने केलेल्या. मधली मात्र जुन्या, स्वस्त तंत्राने. जेथे खर्चाचे चीज होते तेथेच खर्च करावा, हे धोरण आपल्या घरांत नवे नाही.

डाळमिलमधील यंत्रातही हीच विद्या राबत असते. डाळीचा पातळ पडदा वरून घसरत खाली येतो, कॅमेरे त्याचे चित्र टिपतात, चिप प्रत्येक दाण्याचा रंग ताडून पाहते, आणि काळा वा डागाळलेला दाणा दिसताच हवेच्या झोताने त्याला बाजूला उडविते. पापणी लवण्याच्या आत हा निवाडा होतो. हिऱ्याच्या व्यापारातील कुटुंबांनी कच्च्या खड्याचा आतून नकाशा काढणारी यंत्रे पाहिली असतील; दुकानदारांच्या गल्ल्याशेजारी जमा रकमेचा पुकारा करणारी पेटी असते. चिप या प्रत्येक ठिकाणी आहे.

आराखडा एकाचा, कारखाना दुसऱ्याचा

मग ती मिळेनाशी का झाली? याचे उत्तर या धंद्याच्या बांधणीत आहे.

इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९९० साली स्थापन झालेली आर्म ही कंपनी प्रोसेसरचे मूळ आराखडे करून ते वापरण्याचा परवाना देते आणि स्वामित्वशुल्क घेते. जगातील बहुतेक सर्व मोबाइल फोन तिच्या आराखड्यांवर चालतात. एनव्हिडिया आणि एएमडी आपापल्या चिपची रचना करतात, पण त्यांचा स्वतःचा चिपचा कारखाना नाही. प्रत्यक्ष उत्पादनाचा मोठा भाग तैवानमधील टीएसएमसी ही कंपनी करते. मॉरिस चँग यांनी ती १९८७ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, स्थापन केली. त्यांचे तत्त्व साधे होते: दुसऱ्यांच्या चिप बनवून द्यावयाच्या, स्वतःच्या नावाची चिप कधी विकावयाची नाही. गिऱ्हाइकाशी स्पर्धा करावयाची नाही, म्हणून परस्परांचे प्रतिस्पर्धीही आपले गुपित आराखडे निःशंकपणे तिच्या हाती सोपवितात. जिला आपण पेढीची साख म्हणतो, तिच्यावरच हा अब्जावधींचा व्यवहार उभा आहे.

त्या कारखान्यांना अतिसूक्ष्म छपाईसाठी लागणारी सर्वांत प्रगत यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनविते. त्या यंत्रात वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला सुमारे ५० हजार वेळा लेसरचा मारा करून प्रकाश निर्माण करतात. एकेका यंत्राची किंमत हजार कोटी रुपयांहून अधिक आहे.

अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडी आपल्या कामात निष्णात, आणि म्हणूनच एक कडी निसटली तर तिची जागा घेणारे सहसा कोणी नाही.

साध्या चिपची टंचाई

२०२० साली टाळेबंदी आली तेव्हा मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी घरून काम आणि घरून शिक्षण सुरू झाल्याने लॅपटॉपची मागणी वाढली, आणि कारखान्यांतील मोकळी जागा तिकडे गेली. काही महिन्यांत मोटारींचे गिऱ्हाईक परतले, पण कारखान्यात जागा उरली नव्हती. चिप तयार होण्यास शेकडो टप्पे आणि काही महिने लागतात. आज पैसे मोजून उद्या माल मिळत नाही. २०२२ साली टोयोटाला जपानमध्ये काही गाड्यांसोबत दोनऐवजी एकच स्मार्ट चावी द्यावी लागली, इतकी ओढाताण होती.

यातील मर्म असे की, टंचाई मुख्यतः सर्वांत प्रगत चिपची नव्हती. मोटारी, यंत्रे, पंप यांत लागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या साध्या चिपची ती होती. त्यांची किंमत कमी, नफा कमी, म्हणून त्यांच्यासाठी नवा कारखाना काढण्यास फारसे कोणी पुढे येत नाही. भावाच्या यंत्रातील चिपही त्याच कुळातील होती. वर्तमानपत्रांत नव्या चिपची वर्णने येतात. आपले धंदे जुन्या चिपवर चालतात.

आपल्या देशाने हे ओळखले आहे, असे दिसते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली. गुजरातेत धोलेरा येथे टाटा समूह आणि तैवानची पीएसएमसी यांच्या ९१ हजार कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तेथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्राच्या चिप बनविण्याचे योजिले आहे, म्हणजे ज्यांच्यावाचून आपली यंत्रे अडली, त्याच वर्गातल्या. आपला पूर्वानुभव मात्र विसरू नये. मोहालीचा सरकारी चिप कारखाना १९८४ साली उत्पादन करू लागला होता. १९८९ च्या आगीनंतर आपण जे मागे पडलो, ते दशकानुदशके मागेच राहिलो. या धंद्यात खंड पडला की भरून निघणे फार कठीण.

वहीत काय लिहावे

आता व्यवहाराचे. चिप कंपन्यांचे शेअर घ्यावेत काय, असे मला अनेक जण विचारतात. उधारीच्या माहितीवर गुंतवणूक करू नये, एवढेच माझे उत्तर असते. त्याहून निकडीचे काम आपल्या घरात आहे.

आपल्या पेढीत वा कारखान्यात चिपवर चालणाऱ्या वस्तूंची यादी करावी. यंत्र घेताना विक्रेत्याकडून सुटे कार्ड किती वर्षे मिळेल, हे लेखी घ्यावे. जे यंत्र हंगामात बंद पडल्यास धंदा थांबेल, त्याचे एक जादा कार्ड पहिल्या दिवशीच विकत घ्यावे. त्यात अडकलेली रक्कम हा विम्याचाच हप्ता समजावा. आणखी एक बाब हिशेबनिसांसाठी. आयकराच्या नियमांत संगणकावर ४० टक्के आणि सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के घसारा धरतात. डाळमिलचे यंत्र वहीत १५ टक्क्यांनी जुने होते, पण त्याचा मेंदू संगणकाच्या वेगाने जुना होत असतो. हा फरक करात दाखविता येत नसला, तरी राखीव निधी ठेवताना ध्यानात घ्यावा.

आणि घरातील एखादी मुलगी वा मुलगा चिपच्या रचनेचे शिक्षण घेऊ म्हणत असेल, तर ‘दुकान कोण पाहणार’ असा प्रश्न करण्यापूर्वी थोडे थांबावे. कारखान्यास ९१ हजार कोटी लागतात. आराखड्यास मुख्यतः विद्या लागते. बिझिकॉमने जो हक्क सोडून दिला, तो आराखड्याचाच होता.

भावाच्या यंत्राचे कार्ड एप्रिलमध्ये आले. त्याने एकाऐवजी दोन घेतली. गेल्या दिवाळीत पूजेच्या वेळी त्याने तिजोरी उघडली, तेव्हा दागिन्यांच्या डब्याशेजारी ते दुसरे कार्ड होते, मूळ पाकिटात, तारखेच्या चिठ्ठीसह. वहिनी हसल्या. मी मात्र हसलो नाही. बँकेत असतो, तर तारण म्हणून मी ते आधी पाहिले असते.