होलोकॉस्टचे शिक्षण : स्वीडनने घेतलेला पुढाकार

नाझी जर्मनी आणि त्याच्या साथीदारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. होलोकॉस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संहाराची स्मारके युद्ध संपताच उभी राहू लागली. पोलंडमधील ऑशविट्झ छळछावणीचे १९४७ मध्ये संग्रहालय झाले. १९५३ मध्ये इस्रायलच्या संसदेने कायदा करून जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था स्थापन केली. हा इतिहास पुढच्या पिढीला शिकवण्यासाठी अनेक देशांची सरकारे एकत्र आली, ती मात्र १९९०च्या दशकाच्या अखेरीस. त्यात पुढाकार होता स्वीडनचा.

होलोकॉस्ट खरोखरच घडला का, याविषयी स्वीडनमधील अनेक शाळकरी मुलांना खात्री वाटत नाही, असे १९९७ मधील एका पाहणीतून पुढे आले. त्या आकड्यांवर पुढे वादही झाला. तरी पंतप्रधान योरान पेर्सन यांनी त्याच वर्षी ‘जिवंत इतिहास’ ही मोहीम हाती घेतली. स्टेफान ब्रुकफेल्ड आणि पॉल लेव्हिन या अभ्यासकांकडून पालकांसाठी व मुलांसाठी पुस्तक लिहून घेतले गेले आणि ते मोफत देण्यात आले.

१९९८ मध्ये स्वीडन, ब्रिटन व अमेरिका यांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन केला. इतिहासकार येहुदा बाउअर त्याचे सल्लागार होते. जानेवारी २००० मध्ये स्टॉकहोम परिषदेत ४६ देशांचे प्रतिनिधी जमले. होलोकॉस्टच्या शिक्षणाला चालना देणे, दरवर्षी स्मृतिदिन पाळणे आणि अभ्यासकांना दप्तरखाने खुले करणे, ही वचने त्यांनी जाहीरनाम्यात दिली. तोच गट आज ‘आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडी’ म्हणून काम करतो. ज्यूद्वेषाची त्याने २०१६ मध्ये स्वीकारलेली व्याख्या वादग्रस्त ठरली. इस्रायलवरील टीका दडपण्यासाठी ती वापरली जाते, असा टीकाकारांचा आक्षेप आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १ नोव्हेंबर २००५ रोजी ठराव करून २७ जानेवारी हा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन ठरवला. १९४५ मध्ये याच दिवशी सोव्हिएत फौजांनी ऑशविट्झ मुक्त केले होते.

वर्गात काय करावे, याविषयीही आघाडीने २०१९ मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या. बळींची नुसते आकडे म्हणून नव्हे, तर माणसे म्हणून ओळख करून द्यावी, मूळ कागदपत्रे व साक्षी वापराव्यात, मात्र मुलांना बळींच्या किंवा मारेकऱ्यांच्या भूमिका करायला लावू नयेत, असे त्या सांगतात. होलोकॉस्टमधून वाचलेल्यांची पिढी आता मावळते आहे. त्यामुळे त्यांच्या नोंदवलेल्या साक्षी आणि त्या नीट समजावून देणारे शिक्षक यांवरच या शिक्षणाची यापुढची भिस्त आहे.