ब्लेड की कॅव्हिटी-बॅक? : मध्यम खेळाडूने लोखंडी काठ्या कशा निवडाव्यात

गोल्फ हा खेळ आपल्या व्यापारी वर्गाने पुष्कळ दिवस लांबूनच पाहिला. कलकत्त्यास 1829 साली आणि पुण्यास 1890 साली या खेळाच्या संस्था निघाल्या, पण त्या हिरवळीवर वावर होता तो गोऱ्या अंमलदारांचा, लष्करी अधिकाऱ्यांचा आणि संस्थानिकांचा. पेढीवरचा मनुष्य तेथे फार उशिरा पोहोचला. आता मात्र आपल्या सभासदांची मुले, जावई आणि आमच्यासारखे साठी ओलांडलेले काही हौशी गृहस्थही या खेळात रमू लागले आहेत. मोकळी हवा, चार-पाच मैलांची चाल आणि समव्यवसायी मित्रांची संगत हे तिन्ही लाभ एकाच वेळी देणारा खेळ दुसरा क्वचितच असेल. तथापि खेळ जरा अंगवळणी पडला, की एक प्रश्न हटकून पुढे येतो, आणि तो खर्चाचा असल्यामुळे घरात वादाचाही होतो. लोखंडी काठ्यांचा संच घ्यावयाचा तो ब्लेडचा की कॅव्हिटी-बॅकचा? या प्रश्नाचा विचार व्यापारी दृष्टीने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे दोन प्रकार समजून घेऊ. दोन्हींना दांडा सारखाच असतो. भेद आहे तो टोकाच्या लोखंडी माथ्यात. ब्लेडचा माथा पातळ, आटोपशीर आणि देखणा. त्याची पाठ भरीव असून बहुतेक वजन चेंडू जेथे लागावयास हवा त्या मर्मस्थानाच्या पाठीमागेच एकवटलेले असते. कॅव्हिटी-बॅकच्या पाठीत खळगा असतो. खळग्यातून वाचलेले लोखंड कडेला, टाचेकडे, टोकाकडे आणि तळाकडे नेऊन बसविलेले असते. एकूण वजनात फारसा फरक नाही. फरक आहे तो वजन कोठे ठेवले यात.

एवढ्याशा फरकाने काय साधते, हे कावड ज्यांनी पाहिली आहे त्यांस समजावून सांगण्याचे कारण नाही. दोन टोकांस दोन घागरी लावलेली कावड खांद्यावर असताना मनुष्यास चटकन गिरकी घेता येत नाही. त्याच दोन घागरी छातीशी धरल्या तर तो सहज वळतो. वजन मध्यापासून दूर गेले, की वस्तू फिरण्यास विरोध करते. चेंडू मर्मस्थानी न लागता अर्धा इंच बाजूस लागला, तर काठीचा माथा त्या धक्क्याने हातात फिरू पाहतो. मुख तिरपे होते, जोर वाया जातो, चेंडू आखूड आणि वाकडा जातो. ब्लेडचा माथा छातीशी धरलेल्या घागरींसारखा, तर कॅव्हिटी-बॅकचा कावडीसारखा. म्हणून चुकलेल्या फटक्यात दुसऱ्याची तूट कमी येते. अचूक लागलेल्या फटक्यात मात्र दोहोंमध्ये म्हणण्यासारखी तफावत राहत नाही.

ही युक्ती व्यवहारात रुजविण्याचे मोठे श्रेय कार्स्टन सोल्हाइम यांस दिले जाते. नॉर्वेत 1911 साली जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेत यंत्रविशारद म्हणून नोकरीस होता. हिरवळीवर चेंडू ढकलण्याची काठी आपल्या हाती स्थिर राहत नाही, हे पाहून त्याने 1959 साली टाचेला व टोकाला वजन वाटून दिलेली काठी घडविली. चेंडू लागताच तिच्यातून जो नाद निघे त्यावरून तिला व पुढे कारखान्यालाही पिंग हे नाव मिळाले. हेच तत्त्व त्याने पुढे लोखंडी काठ्यांस लावले, आणि 1982 साली निघालेला आय-टू हा संच तर जगभर खपला. अशा काठ्या बहुधा मेणाच्या साच्यावरून ओतीव पद्धतीने करतात. आपल्याकडील पंचधातूच्या मूर्ती ओतण्याची रीत तत्त्वतः हीच. ब्लेड बहुधा मऊ पोलादाच्या गजावर घाव घालून घडवितात. परंतु घडीव म्हणजे ब्लेड आणि ओतीव म्हणजे कॅव्हिटी-बॅक असे समीकरण मात्र करू नये. घडीव कॅव्हिटी-बॅकही बाजारात भरपूर आहेत.

आता आमच्या मुलखाकडे वळू, कारण काठीची निवड ही खेळाडू राहतो कोठे यावरही अवलंबून असते. तेरेखोल हे गोव्याचे उत्तरेकडील शेवटचे टोक. नदीच्या पलीकडील तीरावरचा हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा; 1746 साली तो पोर्तुगीजांनी घेतला, आणि 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकविला. याच तेरेखोलास अठरा होलचे गोल्फ मैदान करण्याचा प्रस्ताव गेल्या दशकात निघाला होता. गावातील कुळांनी काजूच्या बागायतींसाठी त्यास विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि मैदान काही झाले नाही. आम्ही हा खेळ आवडीने खेळतो, तरीही एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आमचे कर्तव्य समजतो. अठरा होलच्या मैदानास पन्नास-साठ हेक्टर जमीन सहज लागते. जेथे तेवढ्या जमिनीवर गावाचे पोट चालते, तेथे आमच्या हौसेचा हक्क दुसरा येतो. धान्याच्या व्यापाऱ्याने तरी कसणाऱ्याची बाजू विसरून चालणार नाही.

परंतु त्याचा परिणाम असा, की पेडणे भागातील खेळाडूस घराजवळ मैदान नाही. सासष्टीतील मोबोर किंवा काणकोणातील राजबाग येथे जावयाचे म्हणजे उत्तर टोकावरून निघून अख्खा गोवा उतरून जावयाचा. एरव्ही बेळगाव किंवा पुणे. पेढी सांभाळून असा प्रवास महिन्यातून एकदा, फार तर दोनदा घडतो. ब्लेड ही नित्य सरावाची काठी आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस शेकडो चेंडू मारणाऱ्याच्या हाती ती शोभते आणि फळही देते. पंधरा दिवसांनी एकदा मैदान पाहणाऱ्याचा हात प्रत्येक वेळी थोडा गंजलेला असतो, आणि त्या गंजाची किंमत ब्लेड पुरेपूर वसूल करते.

येथे हँडिकॅपचा हिशेब नीट पाहिला पाहिजे, कारण पुष्कळ जण त्याच आकड्यावर भुलतात. हँडिकॅप म्हणजे खेळाडूस मिळणारी फटक्यांची सवलत. दहा ते वीस यांच्या दरम्यान ज्याचा आकडा, तो मध्यम खेळाडू. 2020 पासून जगभर लागू होत गेलेल्या पद्धतीत हा आकडा शेवटच्या वीस डावांपैकी सर्वोत्तम आठ डावांच्या सरासरीवरून काढतात. म्हणजे उरलेले बारा डाव त्या सरासरीत येतच नाहीत! पोत्यांच्या थप्पीतून निवडक आठ पोत्यांचा नमुना दाखवून वीस पोत्यांचा भाव ठरविला, तर त्या सौद्यास आपण काय म्हणू? आकडा खोटा नाही. खेळाडूची कुवत दाखविण्याचे त्याचे काम तो चोख बजावतो. पण काठी विकत घेताना विचार करावयाचा तो त्या बारा डावांचा. आठ चांगल्या दिवशी कोणतीही काठी चालते. काठीची खरी गरज लागते ती बाकीच्या दिवशी.

ब्लेडच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य नाही असे नव्हे. पहिला मुद्दा असा, की ब्लेडने चेंडू डावी-उजवीकडे वळविता येतो, खाली-वर ठेवता येतो. खरे आहे, परंतु चेंडू सरळ कसा जाईल या विवंचनेत असलेल्यास तो मुद्दाम वळविण्याची गरज किती पडते? दुसरा मुद्दा असा, की चूक झाल्यास ब्लेड हातास झिणझिण्या आणते, म्हणून ती शिकविते. चेंडू आणि मुख यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. हातास बातमी लागेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. त्या फटक्यापुरता उपयोग शून्य. पुढील फटक्यासाठी शिकावयाचे, तर कॅव्हिटी-बॅकही पुरेशी बातमी देते. तिसरा मुद्दा थोरांच्या उदाहरणाचा. टायगर वुड्स यांनी ब्लेडच वापरल्या, हे तरुण मंडळी अभिमानाने सांगतात. त्यांच्या सरावाचे तासही सांगावेत. शिवाय आज कित्येक व्यावसायिक खेळाडू लांब पल्ल्याच्या काठ्यांत खळग्याची पाठच पसंत करतात.

आता कॅव्हिटी-बॅक विकणाराच्या बोलण्यातही काय तपासावे ते सांगतो. दुकानात एक वाक्य ठरलेले असते, की या सात नंबरने चेंडू तुमच्या जुन्या सात नंबरपेक्षा पंधरा-वीस यार्ड पुढे जाईल. जाईलही, पण तो सात नंबर तोच आहे का? पूर्वी सात नंबरच्या मुखाचा कोन छत्तीस अंशांच्या आसपास असे. आजच्या पुष्कळ कॅव्हिटी-बॅक संचांत तो अठ्ठावीस ते तीस अंश असतो, म्हणजे जवळजवळ जुना पाच नंबर! ज्यांनी आपल्या वडिलांकडून पायलीच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांस हे लगेच उमजेल. पायली हे नाव सगळीकडे एकच, पण या पेठेची पायली वेगळी आणि त्या पेठेची वेगळी. नावावर भाव करणारा बुडे. माप पाहणारा तरे. म्हणून संच घेताना नंबर न पाहता प्रत्येक काठीचा कोन लिहून घ्यावा. नाही तर लांबच्या काठ्या एकमेकींजवळ आणि हिरवळीजवळच्या काठ्यांत मोठी दरी, असा विषम संच गळ्यात पडतो. पिशवीत चौदाच काठ्या ठेवण्याची मुभा असल्यामुळे ही दरी भरून काढण्यास जागाही बेताचीच असते.

किनारपट्टीवर राहणारांनी आणखी दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. पहिली खाऱ्या हवेची. घडीव मऊ पोलादावर मुलामा असतो. दगडाचा टवका उडून तो निघाला, की तेरेखोल-रेडीच्या हवेत गंज चढण्यास वेळ लागत नाही. ओतीव काठ्या बहुधा न गंजणाऱ्या पोलादाच्या असल्याने येथे जास्त टिकतात. दुसरी बाब तळाची. पावसाळ्यात जमीन मऊ असते, तेव्हा कॅव्हिटी-बॅकचा रुंद तळ चिखलात रुतत नाही. उन्हाळ्यात जांभ्यासारख्या कठीण जमिनीवर मात्र अति रुंद तळ उसळी घेतो आणि चेंडूच्या डोक्यावर आपटतो. तेव्हा खळगा असला तरी तळ मध्यम रुंदीचाच घ्यावा, असे आमचे मत आहे.

निर्णय करण्याची एक बिनखर्ची रीत येथे देतो. काठीच्या मुखावर टाल्कम पावडरीचा पातळ थर द्यावा आणि सहा-सात नंबरने वीस चेंडू मारावेत. प्रत्येक फटक्यानंतर ठसा कोठे उमटला ते टिपून पुन्हा थर द्यावा. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पंधरा ठसे पडत असतील आणि सरावास आठवड्यातून तीन दिवस मिळत असतील, तर ब्लेडचा विचार खुशाल करावा. ठसे सर्व मुखभर विखुरलेले असतील, तर वाद मिटला. पोत्यात नळी खुपसून धान्य काढावे तसा हा नमुना आहे. वरच्या मुठीचा नव्हे, आतल्या मालाचा. दुकानात यंत्रावर चेंडू मारून पाहतानाही सर्वांत लांब गेलेल्या फटक्याकडे न पाहता सर्वांत आखूड पडलेल्या तीन फटक्यांकडे पाहावे. दोन संचांतील ज्याचे आखूड फटके कमी आखूड, तो संच आपला.

ज्यांचे मन दोन्हीकडे ओढते, त्यांस मधला मार्गही आहे. चार, पाच व सहा नंबरच्या काठ्या कॅव्हिटी-बॅक घ्याव्यात, कारण लांब दांड्याच्या काठीत चूक मोठी होते; हिरवळीजवळच्या आखूड काठ्या बारीक माथ्याच्या घ्याव्यात, कारण तेथे नाजूक हात चालतो. कित्येक कारखाने असे मिश्र संच जुळतील अशा बेताने घडवितात. ब्लेडची हौस फारच असेल, तर एखादी जुनी सात नंबर सरावापुरती जवळ ठेवावी.

शेवटी घरच्या कर्त्या मंडळींस एक विनंती. मुलगा पहिल्या कमाईतून देखणा ब्लेडचा संच मागू लागला, तर ‘चैन’ म्हणून त्यास झिडकारू नये आणि ‘घे’ म्हणून मोकळेही होऊ नये. टाल्कम पावडरीचा डबा त्याच्या हाती द्यावा आणि ठसे मोजून आणावयास सांगावे. न पेलणाऱ्या काठीपायी दोन हंगामांत खेळ सोडून देणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. पैसे गेल्याची हळहळ थोडे दिवस टिकते. मोकळ्या हवेतील चाल आणि मित्रांची संगत सुटली, की ती पुन्हा जोडणे कठीण जाते. साठीनंतर तर हीच संगत मनुष्यास उभारी देते. जी काठी वाईट दिवशीही अठरावा होल गाठून देते आणि पुढच्या खेपेस यावेसे वाटावयास लावते, ती आपली काठी. इत्यलम्.