तार नसलेलं एक्स्टेंशन

मोठ्या रुग्णालयात परिचारिकेच्या खिशातला फोन मोबाइलसारखा दिसतो, पण त्यात सिम नसतं. तो रुग्णालयाच्या ईपीएबीएक्सचंच, म्हणजे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजचंच, एक एक्स्टेंशन असतो. टेबलावरच्या फोनसारखाच नंबर, तशीच कॉल ट्रान्सफरची सोय. फक्त शेवटचा तारेचा तुकडा रेडिओलहरींनी बदललेला.

यामागचं मानक म्हणजे डेक्ट. युरोपच्या एत्सी या संस्थेने ते १९९२ च्या सुमारास तयार केलं. तिथे त्याला १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा दिलेला आहे. त्यात १० वाहक लहरी बसतात. प्रत्येक लहरीवर दर १० मिलिसेकंदांचे २४ भाग पाडतात: १२ बोलण्याचे, १२ ऐकण्याचे. आवाजाचे तुकडे इतक्या झपाट्याने जातात-येतात, की कानाला खंड जाणवत नाही.

हँडसेटशी रेडिओने जोडलेल्या एका बेस स्टेशनचा पल्ला इमारतीत साधारण ५० मीटर, म्हणून मजल्यामजल्यावर छतालगत अशी स्टेशनं लावतात. मला सर्वांत सुंदर वाटतो तो पुढचा भाग. चालता चालता सिग्नल क्षीण झाला, तर दुसरं स्टेशन हँडसेट स्वतःच निवडतो. नवा दुवा आधी जोडतो, जुना मग सोडतो. त्यासाठी सगळ्या स्टेशनांची घड्याळं काटेकोर जुळलेली लागतात. ती जुळली नाहीत, तर जिन्यात कॉल तुटतो.

आयआयटी मद्रासमध्ये घडलेल्या कॉरडेक्ट या बिनतारी टेलिफोन प्रणालीने हेच तंत्र खेड्यांतल्या घरांपर्यंत नेलं.