चवड्यांवर चालणे (बालके)

चालताना टाच जमिनीला न टेकवता पावलाच्या पुढील भागावर शरीराचा भार पेलण्याला चवड्यांवर चालणे असे म्हणतात. नुकतीच चालू लागलेली अनेक मुले अशी चालतात व बहुतेकांची ही सवय आपोआप सुटते. वयाच्या ३ वर्षांनंतरही ती टिकून राहिल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

निदान

कोणतेही मूळ कारण न सापडल्यास या स्थितीला अज्ञातहेतुक म्हटले जाते. मात्र हे निदान इतर विकार वगळल्यानंतरच करता येते. सेरेब्रल पाल्सी, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी व मज्जारज्जूतील दोष यांतही अशी चाल आढळते. स्वमग्न मुलांमध्ये तिचे प्रमाण अधिक असते. आधी टाच टेकवणारे मूल नंतर चवड्यांवर चालू लागणे, एकच टाच उचलली जाणे किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हातांचा आधार घ्यावा लागणे, ही लक्षणे दिसल्यास तपासणी लांबवू नये.

उपचार

उपचारांची निवड मुख्यतः मुलाचे वय आणि घोट्याची लवचीकता यांवर अवलंबून असते. गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीच्या दिशेने पुरेसे वर वळत असेल, तर निरीक्षण व पोटरीचे स्नायू ताणण्याचे व्यायाम पुरेसे ठरू शकतात. पोटरी आखडू लागल्यास घोट्याला आधार देणारे पट्टे किंवा दर एक-दोन आठवड्यांनी बदलले जाणारे प्लास्टर वापरतात. प्रत्येक वेळी पाऊल थोडे अधिक वर वळवले जाते. प्लास्टरला बोटुलिनम विषाच्या इंजेक्शनाची जोड दिल्याने अधिक लाभ होत नाही, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश चाचणीत आढळले. पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारी अकिलिस कंडरा कायमची आखूड झाली असल्यास शस्त्रक्रियेने ती लांब करतात. कंडरा गरजेपेक्षा अधिक लांबवल्यास पाय दुर्बल होतो, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय विचारपूर्वक घेतला जातो.

परिणाम

स्वीडनमधील एका पाहणीत साडेपाच वर्षांच्या १,४३६ मुलांपैकी ७० मुले चवड्यांवर चालत होती किंवा पूर्वी चालत असत. पुढील पाठपुराव्यात अज्ञातहेतुक गटातील सुमारे ७९ टक्के मुलांची ही चाल वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत उपचारांविना सुटली. त्यामुळे इतर विकार वगळले गेले असतील आणि घोटा लवचीक असेल, तर ठरावीक काळाने तपासणी करत वाट पाहणे हाही उपचाराचाच एक मार्ग मानला जातो.