कातडीखालचे लोखंड

चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत कॅमशाफ्ट तयार होतात, ही गोष्ट आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचा एक कारखाना तेथे आहे. कॅमशाफ्ट म्हणजे मोटारीच्या इंजिनातील झडपा वेळेवर उघडणारा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे कॅम, मिनिटाला शेकडो, प्रसंगी हजारो वेळा घासले जातात. तेव्हा त्यांचा पृष्ठभाग कठीण हवा. परंतु सबंध दांडाच तितका कठीण केला, तर तो काचेसारखा तडकेल.

यावर ओतकामातील जुनी युक्ती अशी की, साच्यात कॅमच्या जागी धातूचे थंड तुकडे बसवावयाचे. तेथे रस झटकन थिजतो, कार्बनला ग्राफाइट होण्यास सवड मिळत नाही, आणि कठीण असे पांढरे बीड तयार होते. आत जावे तसतसे थिजणे सावकाश होते. म्हणून पांढऱ्याचे मिश्र आणि मिश्राचे मऊ, करडे बीड होत जाते. कठीण आणि मऊ यांच्यामध्ये भिंत नसते, उतार असतो.

हा उतार किती खोल आहे, हे कसे ओळखावे? नग कापला तर कळते. पण कापलेला नग इंजिनात बसत नाही, आणि बसविलेला नग कोणी कापून पाहिलेला नसतो.

येथे ध्वनीची एक विशेष लाट उपयोगी पडते. घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत धावणारी लाट असते, असे लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८५ साली गणिताने दाखविले. तिच्यात पृष्ठभागाचे कण लंबवर्तुळात फिरतात. ही लाट फार खोल शिरत नाही. स्वतःच्या लांबीइतक्या खोलीवर ती बहुतांशी विझते. साऱ्या विषयाची किल्ली एवढ्यातच आहे. पोलादात तिचा वेग सेकंदाला सुमारे ३००० मीटर असतो. सेकंदाला दहा लाख कंपने दिली, तर लाटेची लांबी ३ मिलिमीटर होते. एक कोटी दिली, तर ०.३ मिलिमीटर. आखूड लाट कातडी चाचपते, लांब लाट मांसापर्यंत पोहोचते.

धातू एकजिनसी असेल, तर दोन्ही लाटा सारख्याच वेगाने धावतील. उतार असेल, तर वेगात फरक पडेल. पांढरे बीड करड्यापेक्षा ताठर असते. म्हणून अशा कॅमवर आखूड लाट पुढे जाते आणि लांब लाट मागे पडते. निरनिराळ्या कंपनांचे वेग मोजून आलेख काढला की आतील उताराचा अंदाज बांधता येतो. मात्र एकाच आलेखाला दोन-तीन उतार जुळू शकतात, कॅमची वक्रता घोटाळा करते, आणि करड्या बिडातील ग्राफाइटवर लाट विखुरते. त्यासाठी काही नग कापून आलेख पडताळावा लागतोच. प्रत्येक नग कापावा लागत नाही, एवढाच लाभ. पण तो थोडा नव्हे.

भूकंपातही अशा लाटांचा मोठा वाटा असावा, असे रॅले यांनी त्याच लेखात सुचविले होते, आणि पुढे ते खरे ठरले. आपल्या जमिनीत वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. कॅमच्या नेमके उलट! म्हणून येथे आखूड लाट मागे राहते. जमिनीवर धातूची पट्टी ठेवून घणाचा ठोका द्यावा, ओळीने मांडलेल्या यंत्रांनी लाटा टिपाव्यात, म्हणजे खड्डा न खणता कित्येक मीटर खोलवरची जमीन समजते. मऊ थरात भूकंपाचा हादरा वाढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. भिंतीचा दोष मोठा होताच. पण घर बांधताना भिंतीबरोबर पायाखालची जमीनही तपासली पाहिजे, हा धडा आपल्या जिल्ह्यालाही लागू आहे.

कामगाराला यंत्राचा वरचा रंग तेवढा दिसतो. क्रेनच्या हुकाखाली, फिरत्या दांड्याशेजारी, शेडच्या छपराखाली तो उभा राहतो तो आतल्या धातूच्या भरवशावर. तो धातू न फोडता तपासण्याची साधने आज आहेत. तेव्हा पगाराच्या मागणीशेजारी संघटनेने आणखी एक मागणी लिहावी: तपासणी वेळेवर व्हावी, आणि तिचा निकाल मराठीत, कामाच्या जागी, सर्वांना वाचता येईल असा लावावा.